मदत हवी आहे: थेरपी सेंटरने आगाऊ घेतलेले पैसे परत कसे मिळवायचे?

मनवा_पिंचिं
लवकर सांगा कोणीतरी प्लीज. मुलाच्या एबीएचं (ऑटिझमसाठीची वर्तन-थेरपी) तीन महिन्यांचं पॅकेज एकरकमी भरलं, ८४ हजार. सहा आठवडे झालेत. आता बंद करायचंय तर म्हणतात फी परत मिळत नाही, पावतीच्या मागे छापलंय. पालकांना आत बसू देत नाहीत, काचेला काळी फिल्म आहे. आणि काल नवीनच काढलं, घरी मराठी बंद करा म्हणे. दुसरं चांगलं सेंटर असेल तर तेही सुचवा. नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही, त्यामुळे "घरी बोलून ठरवा" वगैरे नको.

निशिगंध
मुलाचं वय? निदान कुणी केलं? आठवड्याला किती तास? यातलं काहीच लिहिलेलं नाहीये तुम्ही.

कज्जेदलाल
पैसे रोख दिले की ऑनलाइन? पावतीवर सही-शिक्का आहे का? मागच्या मजकुराचा फोटो टाका, सेंटरचं नाव झाकून.

अप्पा सातारकर
माझा पुतण्या पाच वर्षं बोलला नाही. आज बँकेत मॅनेजर आहे, गप्प बसत नाही. ब्राह्मीघृत द्या आणि मोबाईल काढून घ्या. आमच्या वेळी असली सेंटरं नव्हती, तरी पोरं वाढलीच.

मनवा_पिंचिं
अप्पा, मोबाईल आम्ही देतच नाही. वय ३ वर्षं ४ महिने. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस. पैसे यूपीआयने दिले. निदान सेंटरनेच केलं, वीस प्रश्नांचा हो-नाही फॉर्म भरून घेतला आणि "मॉडरेट ऑटिझम" सांगितलं. शहर आयडीतच आहे.

ओटी_डोंबिवली
एक मिनिट थांबा. वीस प्रश्न, हो-नाही, म्हणजे बहुतेक एम-चॅट. ती चाळणी आहे, तिच्यावरून निदान होत नाही. तीसुद्धा १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, तुमचा ४० महिन्यांचा आहे. "मॉडरेट" हा शब्द त्या फॉर्ममधून निघूच शकत नाही. आधी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कान तपासलेत का?

मनवा_पिंचिं
कान उत्तम आहेत हो. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात कानावर ठेवून पलंगाखाली जातो.

ओटी_डोंबिवली
म्हणजे तपासलेले नाहीत. कुकर ऐकू येतो म्हणून "स" आणि "त" ऐकू येतात असं नसतं. बेरा, म्हणजे कानांची तपासणी, करून घ्या. बोलत नसलेल्या मुलाचे कान न तपासता थेरपीचे पैसे घेणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, संपादक उडवतील.

शार्लटकर
आमच्या इथे आधी बीसीबीए (एबीएचा प्रमाणपत्रधारक तज्ज्ञ) येऊन असेसमेंट करतो, तास ठरवतो, बिल इन्शुरन्सला जातं. अमेरिकेत पन्नासही राज्यांत ऑटिझमच्या उपचारांना विम्याचं संरक्षण आहे. आठवड्याला १० तास म्हणजे काहीच नाही, ३०-४० हवेत. सेंटरला बीसीबीएचं सर्टिफिकेट मागा.

निशिगंध
शार्लटकर, २०२३पासून बीसीबीए प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था भारतातून नवे अर्जच घेत नाही. जुने मोजके आहेत, ते मोठ्या शहरांत. इथे विचारायचं ते आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं. तिच्याकडे नोंदणी असलेला स्पेशल एज्युकेटर, सायकॉलॉजिस्ट किंवा स्पीच थेरपिस्ट असेल तर त्याचा सीआरआर नंबर असतो. मनवा, मुलासोबत खोलीत नक्की कोण बसतं?

मनवा_पिंचिं
एक ताई आहेत, बीकॉम झालेल्या, तिथेच सहा महिन्यांचा कोर्स केलाय. स्वभावाने चांगल्या आहेत, त्यांची काही तक्रार नाही.

ढगाळ
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान २९व्या वर्षी. चाळीस तासांचा आग्रह कुठून आला ते सांगतो. मानसशास्त्रज्ञ लोवास यांचा एबीएवरचा १९८७चा अभ्यास, १९ मुलं. त्यात चुकीच्या वर्तनाला जोरात "नाही" म्हणणं आणि मांडीवर चापट मारणंही होतं. आज कोणी चापट मारत नसेल, पण हात हलवले की खाऊ काढून घेणं हे त्याच घराण्यातलं. तुमचा मुलगा पलंगाखाली जातो ना, ते त्याने स्वतः शोधलेलं उत्तर आहे. ते मोडू देऊ नका.

रुईची आई
ढगाळ, तुम्ही नोकरी करता, इथे लांबलचक लिहिता. माझी लेक नऊ वर्षांची आहे आणि बोलत नाही. शू लागली की चित्राचं कार्ड उचलून द्यायचं, हे तिला एबीएनेच शिकवलं. चार महिने लागले. त्याआधी मी तिला घेऊन लग्नाला जाऊ शकत नव्हते. सरसकट नावं ठेवू नका.

ढगाळ
कार्डाला माझा विरोध नाहीये. काळ्या काचेला आहे.

रुईची आई
त्याला माझाही आहे. आमच्याकडे मी पहिल्या दिवसापासून आत बसायचे. मला येईना तर घरी करणार कोण?

करनियोजन
कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. अपंगत्व असलेल्या मुलासाठी आयकरात ७५ हजारांची वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली हवी आणि किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र. यूडीआयडी (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) काढून ठेवा.

निशिगंध
अहो, निदानाचाच पत्ता नाही, प्रमाणपत्र कुठून आणतील?

मनवा_पिंचिं
पैशांचं कोणी सांगेल का?? आणि मराठीचं?
काल काय झालं ते लिहिते. सेशन संपल्यावर बाहेर आला, माझ्या पर्समधल्या बाटलीकडे बोट केलं आणि म्हणाला "पा". घरी तो आजीकडे "पाई" म्हणतो, पाण्याला. मी बाटली काढली तर ताईंनी हात मध्ये घातला. "वॉटर म्हणू दे आधी." तो बाटलीकडे बघत राहिला, मग भिंतीकडे वळला. मी गाडीत बसल्यावर पाणी दिलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. दिवसभर तोच असतो त्यांच्याजवळ.

ओटी_डोंबिवली
"पा" हा शब्दच आहे. बाटली लगेच द्यायला हवी होती, एबीएच्या पुस्तकाप्रमाणेसुद्धा. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात आढळलेलं नाही. आजीला बोलू द्या, भरपूर.

रुईची आई
यावर माझं आणि ढगाळ यांचं एकमत होईल.

ढगाळ
झालं.

झुणकाभाकर
मुळात सगळ्या थेरपिस्टांना इंग्रजी हवं असतं, कारण शाळा इंग्रजी, कारण पालकांना तेच हवं. मराठी शाळा बंद पडतायत त्याचं मूळ इथेच आहे...

निशिगंध
झुणकाभाकर, त्यासाठी वेगळा धागा काढा. हा धागा भलतीकडे नेऊ नका.

निरोगी_जीवन
स्टेम सेलने आमच्या ओळखीतल्या मुलात ७० टक्के फरक. नंबर हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ओटी_डोंबिवली
अजिबात व्यनि करू नका. ऑटिझमवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. लाखो रुपये जातात.

कज्जेदलाल
आता पैसे. फोटो पाहिला. "कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असं छापलं म्हणून ते पाळलंच पाहिजे असं नसतं. २०१९च्या ग्राहक कायद्याखाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथेविरुद्ध तक्रार करता येते. आज ईमेल करा, फोनवर वाद नको. झालेल्या सेशनची तारखांसह यादी, मुलाला तपासलेल्या व्यक्तीचा सीआरआर नंबर आणि मूळ फॉर्मची प्रत मागा. उरलेल्या सहा आठवड्यांची रक्कम पंधरा दिवसांत परत करा म्हणून लिहा. नाही दिली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे दाखल फी नाही. सगळे मिळतील असं सांगत नाही. बऱ्याचदा नंबर मागितल्यावरच बोलणी सुरू होतात.

निशिगंध
आणि नव्या सेंटरची घाई करू नका. जिल्हा रुग्णालयात लवकर निदान आणि उपचारांचं केंद्र असतं का बघा, डीईआयसी म्हणतात. तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. रांग असते, सकाळी लवकर जा.

मनवा_पिंचिं
मेल टाकला. तासाभरात फोन आला, "मॅडम, बसून बोलू या." मी लेखी कळवा म्हटलं. नवऱ्यालाही सांगितलं. तो दहा मिनिटं गप्प होता, मग पावती मागितली आणि मागचं सगळं वाचून काढलं.
बेरा शुक्रवारची मिळालीये. पहाटे पाचला उठवून जागं ठेवायचंय आणि तिथे झोपेचं सिरप देणार. कोणाच्या मुलाने उलटी केली होती का?

रुईची आई
आमच्या लेकीने केली होती. कपड्यांचे दोन जोड न्या, एक तुमचा.