सोलापुरातच पीएच.डी. करावी, की आणखी एक वर्ष तयारी करून बाहेर जावे?

प्रश्न: होटगी रोड

नमस्कार. मी २०२३ मध्ये सोलापूर विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. केले. सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे आणि सध्या तासिका तत्त्वावर एका महाविद्यालयात शिकवते. वडील चादरीच्या कारखान्यात होते, आता घरीच असतात. त्यामुळे माझ्या हाती येणारी रक्कम थोडी असली तरी घराला ती लागते. ग्राफ थिअरीत (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यांचा अभ्यास) मार्गदर्शन करणारे येथील एक प्राध्यापक मला विद्यार्थिनी म्हणून घेण्यास तयार आहेत. परंतु माझे मन दुसऱ्या वर्षापासून कम्युटेटिव्ह अल्जिब्रामध्ये (बीजगणिताची एक शाखा) गुंतलेले आहे आणि आता ग्राफ थिअरी घेतली तर तो विषय कायमचा सुटेल, अशी मला मनापासून भीती वाटते. मी सरांना होकार द्यावा, की नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी करून मुंबई-पुण्याकडे जावे?

उत्तर १: निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

तुमच्या प्रश्नातील एक गृहीतक मला आधी बाजूला करावेसे वाटते. हे दोन विषय एकमेकांपासून तुटलेले नाहीत.

एखादा ग्राफ घ्या, प्रत्येक शिरोबिंदूला एक चल द्या आणि प्रत्येक कडेसाठी तिच्या दोन टोकांच्या चलांचा गुणाकार लिहा. या सर्व गुणाकारांनी बहुपदींच्या वलयात (बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येणाऱ्या रचनेत) जे आयडियल, म्हणजे बेरीज करून किंवा वलयातील कशानेही गुणून ज्याच्या बाहेर जाता येत नाही असा संच, तयार होते, त्याला ग्राफचे एज आयडियल म्हणतात. राफाएल व्हियारेआल यांनी १९९० मध्ये अशा आयडियलांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. त्रिकोणाचे उदाहरण पाहा. क, ख, ग हे शिरोबिंदू असतील, तर कख, खग, गक यांनी निर्माण होणारे आयडियल म्हणजे (क, ख), (ख, ग) आणि (ग, क) या तीन प्राइम आयडियलांचा (अविभाज्य संख्यांसारखे वागणाऱ्या आयडियलांचा) छेद होय. आणि त्रिकोणाच्या सर्व कडांना स्पर्श करणारे लघुतम शिरोबिंदू-संचही, म्हणजे ज्यांतून एकही बिंदू काढता येत नाही अशी 'आवरणे'ही, नेमके हेच तीन आहेत. हा योगायोग नाही, कारण कोणत्याही ग्राफसाठी एज आयडियलची लघुतम प्राइम आयडियले आणि ग्राफची लघुतम आवरणे एकास एक जुळतात. ग्राफकडे पाहून वलयाचे गुणधर्म ओळखायचे आणि वलयाकडे पाहून ग्राफचे, असे काम आज जगभर चालते. सरांशी बोलताना हा विषय काढा. त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता दिसली, तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आमच्या वेळी सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. एखादा शोधनिबंध हवा असेल तर खेप करावी लागे किंवा पत्र पाठवून वाट पाहावी लागे. येथे २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि नवे निबंध आता अर्काइव्ह या संकेतस्थळावर घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. तेव्हा गाव लहान आहे म्हणून संशोधन लहान राहील, असे मी मानत नाही. शेजारी बसून चूक दाखवणारे माणूस मिळणे मात्र आजही अवघडच आहे, आणि गाव निवडताना मी सर्वांत जास्त वजन त्यालाच देईन.

उत्तर २: संशोधक विद्यार्थी, मुंबई

सरांचे म्हणणे मला पटते, तरी पैशांची बाजूही स्पष्ट असावी. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा असतो. तुमच्या घरची स्थिती पाहता, एक वर्ष या परीक्षेला देणे हा चैनीचा विचार ठरत नाही. ही फेलोशिप घेऊन सोलापुरातही काम करता येते, हे विसरू नका.

सीएसआयआर नेटच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत २०० पैकी ९५ गुण भाग 'क'चे असतात. तेथे एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात आणि सर्व बरोबर पर्याय निवडल्याशिवाय गुण मिळत नाहीत, म्हणून पाठांतर तेथे उपयोगी पडत नाही. सतत फलन एकविध सतत (युनिफॉर्मली कंटिन्युअस) केव्हा नसते, हे १/क्ष घेऊन स्वतः तपासलेले असेल तरच हात चालतो. याशिवाय आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांच्या नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या वार्षिक पायाभूत शाळांना (प्रशिक्षण शिबिरांना) अर्ज करा. बीजगणित, विश्लेषण आणि टोपॉलॉजी यांची पक्की बैठक तेथे बसते.

उत्तर ३: पंढरपूर

ताई, मी नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. केली आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, मात्र संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नोंदणीची मुदत सहा वर्षांची असते, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे आणि महिलांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत मिळू शकते.

माझी चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून लिहिते. मला विषय यादीतून मिळाला आणि तो का महत्त्वाचा आहे, हे मी दोन वर्षे विचारलेच नाही. पुढे घाईत शुल्क भरून एका नियतकालिकात निबंध छापून आणला, तो आज कुणी मोजत नाही आणि मलाही दाखवावासा वाटत नाही. होकार देण्यापूर्वी सरांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) उघडा आणि त्यांतील एखादी सिद्धता शेवटपर्यंत वाचा. शक्य असेल तर त्या विद्यार्थ्यांना भेटून, सर आठवड्यातून किती वेळ फळ्यापाशी बसतात, हेही विचारा.

प्रश्नकर्तीचे उत्तर: होटगी रोड

सर्वांचे मनापासून आभार. काल सरांना भेटले. एज आयडियलचे नाव काढताच त्यांनी फळ्यावर चौकोन आणि पंचकोन काढून मला आवरणे मोजायला लावली. चौकोनाची लघुतम आवरणे दोन निघाली, प्रत्येकी दोन शिरोबिंदूंची. पंचकोनाची पाच, प्रत्येकी तीन शिरोबिंदूंची. म्हणजे दोन्हीकडे आवरणे समान आकाराची आहेत, तरीही पंचकोनाचे वलय (बहुपदींच्या वलयाला एज आयडियलने भागून मिळणारे) कोहेन-मॅकॉले, म्हणजे विशेष सुबक रचनेचे, असते आणि चौकोनाचे नसते. असे का, हे मला शनिवारी त्यांना समजावून सांगायचे आहे. नेटचा अर्ज मी भरणारच आहे, पण तोपर्यंत दर शनिवारी त्यांच्याकडे बसण्याचे ठरवले आहे. चौकोनाच्या दोन प्राइम आयडियलांनी ठरणारी प्रतले फक्त एका बिंदूत भेटतात, येथपर्यंत मी पोहोचले आहे.