मदत हवी आहे: हेल्मेट नव्हतं म्हणून भरपाई कापता येते का?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली भरपाईचा दावा चालू आहे. दुचाकीवर मागे बसलेल्याची मांडी मोडली, डोक्याला खरचटलंही नाही. तरी विमा कंपनी कैफियतीत (लेखी उत्तरात) हेल्मेटसक्तीचं कलम 129 दाखवून काँट्रिब्युटरी नेग्लिजन्सची, म्हणजे जखमीच्या स्वतःच्या निष्काळजीपणाची, वजावट मागते! हेल्मेट नसल्याचा दंड कलम 194 डी खाली वेगळा आहेच. मोडलेल्या मांडीशी त्याचा संबंध काय? मोहम्मद सिद्दीकी निकालात (2020) सर्वोच्च न्यायालयाने ट्रिपल सीटबद्दल म्हटलं आहे की नुसता नियमभंग पुरेसा नाही. त्या नियमभंगामुळेच अपघात घडला किंवा आघात वाढला, हे सिद्ध व्हायला हवं. हेच हेल्मेटला लावणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कुणाकडे आहे का? आणि डोक्याला इजा नव्हती हे दाखवायला डिस्चार्ज कार्ड, एमएलसी (रुग्णालयातली मेडिको-लीगल नोंद) पुरे, की अपंगत्वाच्या दाखल्यावर साक्ष देणाऱ्या डॉक्टरांकडूनच तेही वदवून घ्यावं?