पेन्शन बंद करून काय होणार?

आयुष्यभर इथली धोरणं ठरवून रिटायर झाल्यावर परदेशात स्थायिक होणाऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनच बंद करा, असं एका चर्चेत कोणीतरी लिहिलंय. राग समजतो, पण पेन्शन ही केलेल्या नोकरीची कमाई आहे, म्हातारपण कुठे काढायचं याची अट त्यात नाही. केंद्राच्या नियमात गट अ च्या (म्हणजे वरिष्ठ दर्जाच्या) निवृत्ताने परवानगीशिवाय परदेशी सरकारची नोकरी धरली तर तेवढ्या काळाची पेन्शन मिळत नाही, नुसतं राहायला गेलं तर मिळते.

आमच्या नात्यातले एक काका केंद्रात आरोग्य खात्यात होते, आता परदेशात मुलीकडे असतात, दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी वकिलातीत जातात. त्यांच्या जाण्याचं मला काहीच वाटत नाही, वाईट याचं वाटतं की ज्या दवाखान्यांच्या फायली त्यांच्या टेबलावरून गेल्या तिथे रांगेत उभं राहायची वेळ त्यांच्यावर नोकरीतही कधी आली नाही. शाळांचंही तसंच. २०१५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने यूपीतल्या सरकारी नोकरांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच शिकली पाहिजेत असा आदेश दिला होता, तो कागदावरच राहिला. जोर लावायचाच तर असल्या आदेशांच्या अंमलबजावणीसाठी लावूया ना, अधिकारी खुर्चीत असतानाच.