देशांतर्गत क्रूझ : ओळखपत्र, सीमाशुल्क आणि विमा

प्रश्न : आई-वडिलांसह तीन रात्रींच्या क्रूझचे आरक्षण केले आहे. जहाज परदेशी बंदराला लागणार नाही. तरीही पासपोर्ट, सीमाशुल्क तपासणी आणि विमा लागतो का? वडिलांना हृदयविकार आहे.

उत्तर १ : परदेशी बंदर नसेल, तर छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र सहसा पुरते, मात्र जहाज कंपनीच्या अटी आधी वाचा. तिकिटावर मधले नाव पूर्ण आणि ओळखपत्रावर केवळ आद्याक्षर असेल, तर चेक-इनलाच खोळंबा होऊ शकतो, म्हणून अशी दुरुस्ती आजच करून घ्या.

उत्तर २ : सीमाशुल्काचा प्रश्न येतो तो जहाजावरील करमुक्त दुकानामुळे. जहाज बंदरात असताना तिथली मद्याची कपाटे बहुधा सीलबंद असतात. काही खरेदी केलीच, तर पावती जपा आणि विचारल्यास वस्तू दाखवा.

उत्तर ३ : माझ्या मते खरी काळजी विम्याचीच घ्यायला हवी. जहाजावरील डॉक्टरांचे शुल्क अनेकदा नेहमीच्या आरोग्य विम्यात बसत नाही आणि रुग्णाला हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च सामान्य कुटुंबाला पेलणारा नसतो, त्यामुळे हे दोन्ही खर्च पॉलिसीत स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहेत का, याचे लेखी उत्तर मागवा. वडिलांचा आजार प्रस्तावात अवश्य नमूद करा. तो लपवला तर दावा फेटाळला जाऊ शकतो. प्रवाशांच्या भरपाईबाबतचा 1974 चा अथेन्स करार आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी आहे. देशांतर्गत फेरीत कंपनीची जबाबदारी मुख्यतः त्या देशाच्या कायद्याने ठरते, तेव्हा तिकिटामागील कलमेही वाचा.