दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा निधी तालुक्यांत कशाच्या आधारे वाटावा?

प्रश्न : पालक, करमाळा
माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) असून ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. दोन वर्षांपूर्वी शिबिरात मिळालेले, पायांना आधार देणारे कॅलिपर आता तिला आखूड पडतात, टाचेला घासून जखम होते. शालेय शिक्षणासाठीच्या सरकारी समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरली जाते. चष्म्याने भागणारे मूल आणि फिजिओथेरपी, मदतनीस व वाहन लागणारे मूल यांना एकच आकडा लावणे न्याय्य आहे का?

उत्तर : विशेष शिक्षक, दक्षिण सोलापूर
ताई, दर एकच असण्यापेक्षाही मला मुलांच्या मोजणीची अधिक काळजी वाटते. निधीची मागणी यूडायसवरील (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) संख्येवरून होते आणि जे मूल तपासलेच गेले नाही, ते त्या संख्येत येत नाही. करमाळा सोलापूरपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी रोजंदारी बुडवून मुलाला एसटीने घेऊन यायचे आणि डॉक्टर नसल्यास पुन्हा यायचे, हे किती घरांना परवडेल? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, गणित शिकताना येणारी अडचण) आहे. पण ती वर्गात ‘अभ्यासात कच्चा’ म्हणूनच खपते. नोंद कमी म्हणून निधी कमी, निधी कमी म्हणून तपासणी कमी, असे हे चक्र आहे. म्हणून आधी दूरच्या तालुक्यांत तपासणीसाठी वेगळे पैसे ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : निवृत्त लेखाधिकारी, सोलापूर
सरांचे म्हणणे पटते, तरी ताईंचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य पूर्वी प्रत्येक शाळा-जिल्ह्यात (तिथल्या सरकारी शाळा चालवणारा स्थानिक विभाग) दिव्यांग मुलांचे प्रमाण सारखेच आहे असे धरून पैसे देई; २०१४ च्या कायद्याने वाढीव निधीपुरते, मुलामागे येणाऱ्या खर्चाचे तीन गट करून वाटप सुरू झाले. आपल्याकडेही तसे गट करता येतील, मात्र अधिक पैशांसाठी मुलाची गरज फुगवून लिहिली जाऊ नये म्हणून तपासणारा आणि निधी घेणारा वेगळा हवा.
ताई, कॅलिपरसाठी तोवर थांबू नका. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पालक, करमाळा
आभारी आहे. अर्जाला जखमेचा फोटो आणि फिजिओथेरपिस्टने लिहून दिलेले नवे माप जोडते. आमच्या गावात अशी आणखी दोन मुले आहेत, ती शाळेच्या नोंदीत नाहीत. त्यांच्या आईवडिलांनाही सोबत नेते.