जेम५ मध्ये चेकपॉइंट कोणत्या सीपीयू मॉडेलवर घ्यावा?

मंडळी, मदत हवी आहे. जेम५ (प्रोसेसर-संगणकाचं सिम्युलेटर) च्या फुल सिस्टिम मोडमध्ये, म्हणजे अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमसकट, आर्म लिनक्स बूट करून बेंचमार्कच्या मुख्य लूपआधी चेकपॉइंट (पुढे तिथूनच सुरू करता येईल अशी साठवलेली स्थिती) घ्यायचाय. मोजमाप पुढे ओ३ वर (आउट-ऑफ-ऑर्डर, सविस्तर पण हळू सीपीयू मॉडेल). बूटसुद्धा ओ३ वर करायला माझ्याकडे तेवढा धीर नाही. केव्हीएम (कोड थेट होस्टच्या प्रोसेसरवर चालवणारं मॉडेल) सर्वांत वेगवान, पण माझं होस्ट मशीन एक्स८६, त्यामुळे आर्मसाठी तो बाद. उरले अ‍ॅटॉमिक आणि टायमिंग: पहिल्यात मेमरीला लागणारा वेळ धरला जात नाही म्हणून ते वेगवान, दुसऱ्यात धरला जातो. चेकपॉइंटमध्ये कॅशमधला डेटा साठवला जात नाही, म्हणजे रिस्टोअरनंतर कॅश रिकामीच. मग हळू चालणाऱ्या टायमिंगवर चेकपॉइंट घेऊन काही हाती लागतं का? की अ‍ॅटॉमिकवर घेऊन, रिस्टोअरनंतर वॉर्मअप (मोजमापाआधी कॅश भरण्यापुरता कोड चालवणं) दिलेला बरा? एल२ कॅश २ एमबीची आहे. वॉर्मअपला साधारण किती इन्स्ट्रक्शन्स देता?