परिवर्तनीय-अपरिवर्तनीय बदल: साखरेच्या प्रयोगात काय चुकतंय?

प्रश्न: नऊ-दहा वर्षांच्या मुलांना परिवर्तनीय (उलटवता येणारे) आणि अपरिवर्तनीय (उलटवता न येणारे) बदल खाद्यपदार्थ वापरून दाखवायचे आहेत. साखरेचं पाणी आटवून साखर परत मिळवायला गेलं की तळाशी तपकिरी चिकट थर उरतो. आच मंद ठेवूनही तेच. दुसरं काय घेता येईल?

प्रतिसाद १: साखर सोडा, मीठ घ्या. पाणी आटत गेलं की पाक दाट होतो आणि त्याचं तापमान १०० अंशांच्या बरंच वर चढतं. १६०-१७०च्या आसपास साखरेचंच विघटन होऊन कॅरॅमल बनतं. १०० मिली कोमट पाण्यात २० ग्रॅम मीठ विरघळवा (३६ ग्रॅमच्या पुढे घातलंत तर तळाशी बसेल). पसरट ताटलीत पातळ थर ओतून उन्हात ठेवा. गॅसवर आटवू नका, शेवटी मीठ तडतडून उडतं. सावकाश वाळलं तर भिंगातून चौकोनी स्फटिक दिसतात. ताटली आधी रिकामी आणि नंतर मिठासकट तोला, फरक घातलेल्या मिठाच्या वजनाशी जवळपास जुळतो. तो तपकिरी थर मात्र टाकू नका! साखर विरघळली तो बदल परिवर्तनीय, करपली तो अपरिवर्तनीय. दोन्ही एकाच पदार्थात दाखवता येतात.

प्रतिसाद २: ‘तापवलं की बदल कायमचा’ असं मुलं धरून चालतात. ते मोडायला एका वाटीत चॉकलेट, दुसरीत अंड्याचा पांढरा बलक घ्या आणि दोन्ही वाट्या ५० अंशांच्या पाण्यात ठेवा. चॉकलेट वितळतं, बलक पातळच राहतो. मग पाणी ८० अंशांवर न्या (हे मोठ्यांनीच करायचं): बलक घट्ट, पांढरा होतो. आता दोन्ही गार करा. चॉकलेट पुन्हा कडक होतं, बलक आहे तसाच. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, गोळा होऊन रवाळ बनतं. गार झाल्यावर पांढुरके पट्टे आले तर ‘हे बदललं की!’ असं कुणीतरी म्हणणारच. कोको बटर (चॉकलेटमधला स्निग्धांश) वेगळ्या प्रकारे गोठलेलं असतं, इतकंच. परत वितळवून दाखवा.

प्रतिसाद ३: वरच्या दोन्हींशी सहमत. फक्त ‘भौतिक म्हणजे परिवर्तनीय’ असं फळ्यावर लिहू नका. चिरलेलं सफरचंद जुळत नाही, तरी चिरणं हा भौतिक बदलच, कारण नवा पदार्थ बनत नाही.
दूध-लिंबूही घ्या: अर्धा कप कोमट दुधात दोन चमचे रस. आम्लामुळे केसीन प्रथिनाच्या गुठळ्या होतात. ‘खायचा सोडा घालून आम्ल घालवू’ असं मुलं सुचवतील. घालू द्या. फेस येतो, गुठळ्या थोड्या विरघळतातही, आणि वर्ग फसतो. पण दूध परत आलेलं नसतं: कार्बन डायऑक्साइड उडून गेला, आम्लाचा क्षार झाला.

प्रश्नकर्ता: लोणी चालेल का?

प्रतिसाद १: सुरुवातीला नको. वितळलं की त्यातलं पाणी आणि स्निग्धांश वेगळे होतात, गोठल्यावर रवाळ लागतं. चॉकलेटचा प्रयोग नीट कळल्यावर घ्या.